बाबांची चावी, काकांचं झाकण

आमच्या उथळसरच्या घरात दारामागे एक लोखंडी चावी उभी असायची. कुलपाची नव्हे, पाण्याची. तेव्हाच्या माझ्या खांद्याएवढी उंच, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. ती खोबण रस्त्यातल्या चेंबरमधल्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवायचा. माझे बाबा ठाण्यात चावीवाले होते. पहाटे चारला उठायचे, चावी खांद्यावर टाकायचे आणि निघायचे. फेरे मोजून व्हॉल्व्ह उघडायचा असतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. कुठल्या व्हॉल्व्हला अठरा फेरे, कुठल्याला बावीस, हे त्यांना तोंडपाठ होतं. अर्धा फेरा कमी पडला तर चढावरच्या चाळीच्या नळाला नुसता वाऱ्याचा आवाज यायचा आणि बायका हंडे घेऊन थेट आमच्या दारात.

पण चावीवाल्याला मान होता. 'चावीवाले, चहा घेऊन जा,' अशी हाक गल्लीतल्या कुठल्याही घरातून यायची. लग्नाच्या घरी बाबांना आमंत्रण आधी जायचं, कारण मांडवाच्या दिवशी पाणी अर्धा तास जास्त हवं असायचं.

बाबांच्या चेंबरपासून जेमतेम सहा फुटांवर ड्रेनेजचं मॅनहोल होतं. ते ज्यांच्या ताब्यात होतं, त्यांना आम्ही मुलं 'गटाराचे काका' म्हणायचो. त्यांच्याकडे झाकण उचलायचा आकडा आणि बांबूच्या लांब कामट्यांची भारी असायची. लाईन तुंबली की कामटीला कामटी जोडत ते आत सारत जायचे. कामटीने भागलं नाही तर स्वतः उतरायचे. दोघांचा रस्ता एक आणि गल्लीही एक, खाती मात्र वेगळी. बाबा पाणीखात्याचे, काका ड्रेनेजचे. काका पाणी मागायला आमच्याकडेच यायचे, कारण बाबांशी त्यांची ओळख होती. आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्यांच्यासाठी एक वेगळा पेला पालथा घातलेला असायचा. आई वरून पाणी ओतायची, पेल्याला तांब्या लागणार नाही अशा बेताने. मी ते रोज पाहिलंय. आईला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं. म्हणून ते इथे लिहून ठेवते आहे.

१९८६ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ आली. मी अकरा वर्षांची होते. शेजारच्या खोलीतली माझ्याच वर्गातली मुलगी दीड महिना अंथरुणावर होती, मला ताप येऊन गेला. लोक म्हणायचे, बाहेरचं खाल्लं, पावसाळी हवा आहे. पुढे रसायनशास्त्र शिकले तेव्हा त्यामागचं कारण नीट कळलं, आणि ते फार साधं आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. नळ जाईपर्यंत पाईप भरलेला असतो, आतलं प्रेशर बाहेर ढकलत असतं. पाईपाला कुठे भेग असली तरी पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. नळ गेला की पाईप रिकामा होतो आणि मग तीच भेग बाहेरचं आत ओढून घेते. शेजारून फुटकी ड्रेनेजची लाईन जात असेल तर आत काय येतं ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॉल्व्ह उघडला की पहिल्या दोन कळश्या तेच पाणी घेऊन येतात. म्हणून जुन्या बायका पहिलं पाणी ओतून द्यायच्या. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आलेल्या पाण्याचा वास घेऊन त्या शिकल्या होत्या.

त्या वर्षी गल्ली खणली, पाईप बदलला, कावीळ थांबली. बाबांना वरिष्ठांनी बोलावून शाबासकी दिली. घरी पेढे आले. ही गोष्ट एवढीच आहे असं मला तेहतीस वर्षं वाटत होतं.

आता मी कोपरखैरण्यात राहते आणि खाडीकडेच्या एका मलप्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. म्हणजे चावीवाल्याची मुलगी शेवटी काकांच्या खात्यात गेली. नातेवाइकांना मी 'पाण्याच्या लॅबमध्ये आहे' एवढंच आई सांगायची, पुढचा शब्द टाळायची.

माझ्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. रोज सकाळी टाकीतलं, हवा मारत असलेलं पाणी एक लिटरच्या उभ्या काचेच्या सिलिंडरमध्ये काढायचं आणि तीस मिनिटं हलवायचं नाही. सुरुवातीला सगळं चॉकलेटी, एकजीव. दोन-तीन मिनिटांत त्यात बारीक ढग तयार होतात. मग ते ढग एकमेकांना धरून खाली बसायला लागतात आणि वर एक स्वच्छ रेघ उमटते. ती रेघ खाली सरकताना डोळ्यांना दिसते, घड्याळाच्या काट्यासारखी. अर्ध्या तासाने खाली गाळाचा घट्ट थर आणि वर असं पाणी की सिलिंडरपलीकडची रजिस्टरवरची अक्षरं वाचता यावीत. हा गाळ म्हणजे घाण नव्हे, जिवाणूंची वस्ती आहे. माणसांनी टाकलेलं खाऊन ते जगतात. गाळ बसला नाही, वर तरंगत राहिला, तर जिवाणू आजारी आहेत असं समजायचं आणि टाकीत हवा मारणाऱ्या ब्लोअरकडे धावायचं. त्यानंतर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, २७ अंशांवर तीन दिवस बाटल्या बंद ठेवून. आत येताना दीडशे-दोनशे असणारा आकडा बाहेर जाताना दहाच्या आत आला की माझा दिवस चांगला गेला.

आणि मग ते पाणी क्लोरीन देऊन खाडीत जातं. इतकी वर्षं याचं मला काही वाटलं नव्हतं.

२०१९ च्या मे महिन्यात माझा भाचा सिंगापूरहून म्हणाला, 'मावशी, तू एकदा ये, तुझ्या आवडीचं दाखवतो.' त्याचं घर सेंगकांगला, सरकारी इमारतीत बाराव्या मजल्यावर. स्वयंपाकघरात फिल्टर नव्हता, पिंप नव्हतं, कळशी नव्हती. नळाखाली ग्लास धरायचा आणि प्यायचं. पहिले दोन दिवस मी उकळून घेतलं. तिसऱ्या दिवशी उकळायचं सोडलं, कारण पाण्याला क्लोरीनचा हलकासा वास होता. चोवीस तास भरलेल्या पाईपात क्लोरीन शिल्लक असेल, तर मला भीती बाळगायचं कारण नव्हतं.

भाच्याने बिल दाखवलं. वीज, गॅस आणि पाणी एकाच कागदावर. पाण्याखाली तीन ओळी. नळाचं पाणी, पाणी जपून वापरावं म्हणून लावलेला कर, आणि वापरून झालेलं पाणी नेऊन शुद्ध करायचा आकार. मी त्या तिसऱ्या ओळीकडे बघत बसले. नळापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पुढे, सगळं एकाच संस्थेच्या हिशोबात. तिचं नाव पब्लिक युटिलिटीज बोर्ड, तिथे सगळे पीयूबी म्हणतात. ती सरकारी आहे आणि बेटावरच्या पाण्याचा थेंब न् थेंब तिच्याकडे आहे. पाऊस, धरणं, नळ, गटारं, पुराचे नाले, सगळं.

मी भाच्याला म्हटलं, अरे, आपणही बेटावरचेच. ठाणं साष्टी बेटाच्या कडेला आहे. आपल्याकडे भातसा धरणाचं पाणी भिवंडीकडून खाडी ओलांडून पाईपातून येतं. त्यांच्याकडेही तसंच, मलेशियातल्या जोहोरहून सामुद्रधुनी ओलांडून पाईप येतात. पाऊसही वर्षाला साधारण आपल्याएवढाच, २,४०० मिलिमीटरच्या आसपास. फरक इतकाच की आपला चार महिन्यांत कोसळतो, त्यांचा वर्षभर पडत राहतो. पण साठवायला डोंगर नाही, खोरं नाही, जमीनच नाही.

त्या पाईपाची त्यांनी धास्ती घेतलेली आहे, आणि ती उगाच नाही. जानेवारी १९४२ च्या अखेरीला जपानी सैन्य येऊन ठेपलं तेव्हा इंग्रजांनी स्वतःच जोहोरला जोडणारा बांध उडवला. त्याबरोबर पाण्याची लाईनही गेली. पुढच्या पंधरवड्यात बेट शरण गेलं, आणि त्याच्या कारणांत पाणी संपत आलं होतं हेही एक होतं. पुढे १९६३ मध्ये असा दुष्काळ पडला की दहा महिने पाणी वाटून द्यावं लागलं. पीयूबीची स्थापना त्याच वर्षी १ मे रोजी झाली, पाणीकपात चालू असताना. १९६२ चा जोहोरशी केलेला करार २०६१ पर्यंत आहे. त्यात दिवसाला २५ कोटी गॅलन कच्चं पाणी घेता येतं, हजार गॅलनला तीन सेन, म्हणजे मलेशियाचे तीन पैसे, या दराने. करार संपायच्या आत आपल्या पायावर उभं राहायचं, हे त्यांनी मनाशी धरलं.

हे सगळं मी वाचून गेले होते. मला ठाऊक नव्हतं ते वेगळंच. १९८७ पर्यंत सिंगापूरमध्ये काही भागांत टोपली संडास होते. बादल्या उचलायला माणसं यायची, मागच्या बोळातून. १९८७ साली मी सातवीत होते. म्हणजे आमच्या गल्लीत काका कामट्या जोडत होते तेव्हा तिथेही कुणीतरी मागच्या बोळातून बादली घेऊन जात होतं. 'ते परदेश आहे, तिथलं सगळं वेगळं' असं मी मानून गेले होते, ते तिथे गळून पडलं.

बेडोकला तेव्हा 'न्यूवॉटर'चं, म्हणजे वापरलेलं पाणी पुन्हा शुद्ध करून तयार केलेल्या पाण्याचं, प्रदर्शन केंद्र होतं, आता ते बंद झालंय. काचेच्या गॅलरीतून खालचं यंत्रघर दिसायचं. आमच्या केंद्रात माझं काम जिथे संपतं, त्यांचं तिथून सुरू होत होतं. सिलिंडरच्या वरच्या भागात उरतं तसं, गाळ बसलेलं पाणी घ्यायचं. आधी सूक्ष्म गाळणीतून काढायचं, जिवाणू तिथेच अडतात. मग रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाब देऊन पाणी फार बारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचं. मग अतिनील किरण. रिव्हर्स ऑस्मोसिसच्या नळकांड्यातला पडदा त्यांनी कापून ठेवला होता. गुंडाळलेल्या सतरंजीसारखा, थरावर थर, मधे बारीक जाळी. मी त्याची कड बोटाने चाचपून बघितली. कागदाइतका पातळ. विरघळलेलं मीठसुद्धा याच्यातून जवळजवळ पार होत नाही.

तिथल्या मुलीने सांगितलं की १९७४ मध्ये त्यांनी असं एक केंद्र उभारून पाहिलं होतं आणि पुढच्याच वर्षी बंद केलं. खर्च फार आणि पडदे टिकत नव्हते. पंचवीस वर्षं थांबले, तंत्र तयार झाल्यावर परत सुरू केलं आणि २००३ मध्ये हे पाणी लोकांना द्यायला लागले. बरंचसं चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जातं, कारण त्यांना नळाच्या पाण्याहूनही निर्मळ पाणी लागतं. कोरड्या महिन्यांत थोडं धरणांत सोडतात आणि तिथून ते परत नळाला येतं.

मला या सगळ्यात २००१ साल मोठं वाटतं. तोवर त्यांच्याकडेही आपल्यासारखंच होतं, पाणी पीयूबीकडे आणि मलनिःसारण पर्यावरण मंत्रालयाकडे. २००१ मध्ये वीज आणि गॅसच्या नियमनाचं काम पीयूबीकडून काढलं आणि गटारं तिच्याकडे दिली. नळवाले आणि गटारवाले एका संस्थेत आले. मला वाटतं, पडदे कुणीही विकत घेऊ शकतो. पण एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं भांडवल, हे एका टेबलावर बसल्याशिवाय सुचत नाही. दोन खाती असली की एकाचं काम पाणी आणायचं आणि दुसऱ्याचं ते नजरेआड करायचं. आणि तिथे त्याला सांडपाणी म्हणत नाहीत. 'वापरलेलं पाणी' म्हणतात, पाट्यांवरसुद्धा. ते ऐकून मला माझी आजी आठवली. तिच्या परसात मोरीचं पाणी अळूला आणि केळीला जायचं. 'मोरीचं पाणी वाया घालवायचं नसतं' असं ती म्हणायची. आपल्या भाषेतही हा विचार होता, परसाबरोबर गेला.

त्या वापरलेल्या पाण्यासाठी त्यांनी जमिनीखाली ४८ किलोमीटरचा बोगदा खणला आहे, क्रांजीपासून चांगीपर्यंत. पाणी उतारानेच वाहत जातं, वाटेतली पंपिंग स्टेशनं बंद करता आली. पहिला टप्पा २००८ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी मरीना बराज उभं राहिलं. ते आम्ही संध्याकाळी बघायला गेलो. नदीच्या तोंडाशी ३५० मीटरचा बंधारा, नऊ पोलादी दरवाजे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शहराच्या मधोमध पिण्याच्या पाण्याचा तलाव. पूर्ण बेटाच्या सहाव्या भागावरचा पाऊस तिथे येतो. ओहोटी असली की दरवाजे पाडून जास्तीचं पाणी समुद्रात सोडायचं, भरती असली की सात पंप लावून बाहेर फेकायचं. वर गवताचं छप्पर आहे आणि तिथे मुलं पतंग उडवत होती. भर शहरातलं पावसाचं पाणी प्यायचं तर रस्ते आणि नाले स्वच्छच ठेवावे लागतात, दुसरा मार्ग राहत नाही. मला ठाण्यातला मासुंदा तलाव आठवत होता, आणि पावसात तुंबणारे आमचे नाले. तिथे उभी असताना मला त्यांचा हेवा वाटला, खरंच वाटला.

नवी मुंबईबद्दल बोलायचं तर आम्ही अगदी मागे नाही. मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, दिवसाला ४५ कोटी लिटर क्षमतेचं. असं स्वतःचं धरण थोड्याच महापालिकांकडे आहे. आता कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी दिवसाला २ कोटी लिटरचे तृतीय स्तरावरचे, म्हणजे प्रक्रिया झालेलं पाणी आणखी एकदा शुद्ध करणारे, प्रकल्प आहेत आणि तिथलं पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी आहे. कारखान्याने हे पाणी घेतलं की तेवढं धरणाचं पाणी माणसांसाठी राहतं. मी हे आमच्या सोसायटीच्या सभेत दोनदा सांगितलंय. लोक ऐकतात, मान हलवतात, आणि मग 'पण कुठलं पाणी ते' असं विचारून तोंड वाकडं करतात. मी तिसऱ्यांदाही सांगणार आहे.

प्रदर्शनातून बाहेर पडताना त्या पाण्याची छोटी बाटली हातात देतात. मी माझी उघडली नाही, बॅगेत घालून ठाण्याला आणली. बाबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. मी त्यांच्यासमोर बाटली ठेवली आणि कुठलं पाणी ते नीट सांगितलं. आई आत गेली. बाबांनी बाटली उजेडाकडे धरली, हलवली, फुगे वर जाऊन फुटेपर्यंत पाहिली. मग झाकण काढून एक घोट घेतला आणि तोंडात थोडा वेळ धरून ठेवला. चाळीस वर्षं नळाचं पाणी असंच चाखत आलेत ते.

'पाणी आहे,' म्हणाले. आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग त्यांनी १९८६ ची गोष्ट सांगितली, मला माहीत नसलेली. पाणी कुठे मिसळतंय ते पाणीखात्याला सापडतच नव्हतं. तीन ठिकाणी खणून झालं होतं. एका रात्री गटाराचे काका आपणहून मॅनहोलमध्ये उतरले, कंबरभर पाण्यात, दोर न बांधता. लाईनच्या भिंतीला कान लावून त्यांनी बाबांना वरून व्हॉल्व्ह एक फेरा उघडायला सांगितलं. मग बंद करायला. मग परत उघडायला. चौथ्या वेळी त्यांना भिंतीपलीकडे पाण्याची सळसळ ऐकू आली. 'इथे,' म्हणून त्यांनी आतून कामटी ठोकली. दुसऱ्या दिवशी बरोबर तिथे खणलं आणि पाईपाची भेग सापडली. अहवाल पाणीखात्याने लिहिला. त्यात बाबांचं नाव होतं, काकांचं नव्हतं. बाबांनी तेव्हा तोंड उघडलं नाही.

'त्या दिवशी वर आल्यावर त्यानं पाणी मागितलं,' बाबा म्हणाले. 'मी घरी आणला त्याला. तुझ्या आईनं पेला काढला. मी बघत उभा राहिलो.'

त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका निवृत्त मुकादमांकडून मी काकांच्या घराचा पत्ता मिळवला. कळव्याला, रेल्वेच्या पलीकडे. पुढच्या रविवारी आम्ही रिक्षाने गेलो. काका जाऊन सात वर्षं झाली होती. भिंतीवर फोटो होता, खाली कोपऱ्यात तो झाकण उचलायचा आकडा उभा करून ठेवलेला. दारामागे, आमच्या चावीसारखाच. काकूंना बाबांचं नाव माहीत होतं. 'चावीवाले ना?' म्हणाल्या आणि आत जाऊन तांब्याभर पाणी आणि पेला घेऊन आल्या. बाबांनी पेला बाजूला ठेवला, तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावून सगळा रिकामा केला. मग म्हणाले, 'वहिनी, अजून थोडं द्या.'